बदली पथकाचे फुगे

आमच्या सोसायटीत मला 'फुगेवाल्या बाई' म्हणतात. चूक माझी नाही, धंद्याच्या भाषेची आहे. समोरच्या फ्लॅटमध्ये नव्याने राहायला आलेल्या मुलीने विचारलं, "काकू, रिटायर व्हायच्या आधी तुम्ही काय करायचात?" मी सांगितलं, "फुगे भरायचे." तिने माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि मुलाच्या वाढदिवसाला लागतील म्हणून दर विचारला.

तर या अंकाच्या संपादकांनी 'एका कलावंताचं अनुभवकथन' मागितलं असलं, तरी आधीच सांगून टाकते की मी कलावंत नव्हे. चित्रकथेत, म्हणजे ज्याला सगळे कॉमिक्स म्हणतात त्यात, पात्राच्या तोंडाजवळ जो पांढरा गोल असतो त्याला आम्ही फुगा म्हणतो. फुग्याचं जे टोक बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळलेलं असतं, ते त्याचं शेपूट. गोष्ट दुसरा लिहितो, चित्रं तिसरा काढतो, मी त्या फुग्यांत अक्षरं भरते. आधी बोरूसारख्या तिरप्या निबाने आणि काळ्या शाईने, नंतर संगणकावर. पहिल्या पानावर तळाशी 'अक्षरलेखन : कुमुद' असं बारीक छापलेलं असायचं. पान दाटलं की सगळ्यात आधी गळायचं ते हेच नाव, आणि ते गाळणारीही मीच.

लोक कौतुकाने सांगतात, "लहानपणी आम्ही खूप कॉमिक्स बघायचो हो!" बघायचो. वाचायचो असं म्हणणारा माणूस मला उभ्या नोकरीत विरळाच भेटला.

आमची कचेरी होती मार्केट यार्डात. गुलटेकडीला भुसार विभागात बाबूशेठांचा गुळाचा गाळा, आणि वरच्या मजल्यावर आम्ही. बाबूशेठ पिढीजात आडते. लहानपणी त्यांना कॉमिक्स वाचताना वडिलांनी बदडलं होतं, त्याचा सूड म्हणून मोठेपणी त्यांनी कॉमिक्सचं मासिकच काढलं. गुळाच्या ढेपा उतरू लागल्या की आमच्याकडे मुंग्या चढायच्या. एकदा एका खलनायकाच्या नाकावरचा तीळ छपाईत दिसेना, तेव्हा लक्षात आलं की तो तीळ चालत निघून गेला होता.

मासिकाचा नायक महाभुज. हा अजिंक्य पथकाचा प्रमुख. डोंगर उचलायचा, उडायचा, महिन्याला एकदा जग वाचवायचा. मराठी नायक आहे तर धोतर असावं, असं शेठचं म्हणणं होतं. आमचे चित्रकार जोगळेकर यांनी नम्रपणे विचारलं, "उडताना खालून लोक वर बघणार, त्याचं काय?" मग विजार ठरली.

जोगळेकर आणि मी तीस-एक वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आणि तेवढी वर्षं आमचं भांडण चाललं. भांडण जागेचं. जोगळेकर इंग्रजी कॉमिक्स बघून शिकलेले. त्यामुळे फुग्याला जागा सोडायचे ती इंग्रजीच्या मापाने. इंग्रजी अक्षरं शहाण्यासारखी एका ओळीत बसतात. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. "अहो जोगळेकर, 'दुर्बुद्धी' हा शब्द या फुग्यात बसत नाही," असं मी म्हटलं की ते मान न उचलता म्हणायचे, "खलनायकाला साधं मराठी शिकवा. मूर्ख म्हणा. दोन अक्षरांत भागतं." अशा अनेक प्रसंगी आमचे खलनायक जागेअभावी साधं बोलू लागले.

वाचकांपैकी प्रमुख वाचक म्हणजे आपटे सर. सदाशिव पेठेत राहणारे, मराठीचे निवृत्त शिक्षक. ते अंक निघाला की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करायचे. पहिला फोन मला अजून आठवतो. "तुमचा महाभुज पर्वत उचलतो याला माझा आक्षेप नाही. तो चंद्र आपटून फोडतो, तेही मान्य. पण 'शक्ती' ऱ्हस्व लिहिण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?" मी म्हटलं, "सर, तो घाईत होता. शहरावर उल्का पडत होती." ते म्हणाले, "उल्का पडायला वेळ होता. दीर्घ वेलांटीला किती वेळ लागतो?" आणि फोन ठेवला. नमस्कार वगैरे ते पैसे पडत असल्यासारखे वाचवायचे. पण त्यांच्याइतका माझा फुगा न् फुगा वाचणारा दुसरा कोणी नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

आता मूळ विषयाकडे येते. आमचे लेखक अमेरिकेत मुलाकडे गेले आणि तिथल्या थंडीत त्यांना काही सुचेना. अंकाची मागची पानं कोरी. शेठ गाळ्यातून वर आले, हातावरचा गूळ झटकला आणि म्हणाले, "कुमुदताई, तुम्ही एवढी वर्षं दुसऱ्याचं लिहिताय. यावेळी जरा बदलीवर स्वतःचं लिहा."

बदलीवर. हा शब्द यार्डातला, गिरणीतला, एसटीतला. कायम माणूस आला नाही की त्याच्या जागी जो उभा राहतो तो बदली. यार्डात रोज सकाळी मोठ्या तराजूजवळच्या ओट्यावर बदली हमाल बसलेले असायचे. कोणी कायम हमाल आजारी पडला, गावी गेला, की मुकादम ओरडायचा, "ए बदली!" नावाने कधीच नाही.

त्या ओट्यावर मांजरी गावचे नामदेवराव बसायचे. उंच, काटक आणि संथ. कमालीचे संथ. मुकादमाने हाक मारली की ते म्हणायचे, "आलोच." मग तंबाखूची पिशवी बांधायची, ती कनवटीला लावायची, मुंडासं सोडून पुन्हा गुंडाळायचं, आणि मग उठायचं. मुकादम तोवर दोनदा ओरडलेला असायचा. पण एकदा पाठीवर पोतं आलं की नामदेवराव थांबत नसत. समोर टेम्पो येवो, गाय आडवी बसो, खुद्द बाबूशेठ हात वर करून उभे राहोत, नामदेवराव आपल्या त्याच चालीने सरळ जात राहायचे आणि समोरच्यालाच बाजूला व्हावं लागायचं. मी एकदा विचारलंही होतं. ते म्हणाले, "पाठीवर पोतं असल्यावर थांबायचं न्हाई, ताई. थांबलं की वजन वाढतंय."

शेठ बोलून खाली गेले आणि मी खिडकीतून त्या ओट्याकडे पाहिलं. मला वाटलं, अजिंक्य पथकातलं कोणी रजेवर गेलं तर तिथे कोण जातं? त्यांचेही बदली असतीलच की. कुठल्या तरी ओट्यावर बसलेले.

असं बदली पथक जन्माला आलं. तिघं जण. एक कर्णिका : हिला अख्ख्या शहरातलं कुजबुजणं ऐकू येतं, पण कुठल्या घरातून ते कळत नाही. त्यामुळे चोरीचा बेत तिला आधी कळायचा आणि ती चुकीच्या बंगल्याची बेल दाबायची. दुसरे चिकटे : ज्याला हात लावतील ते त्यांना चिकटतं. चोराला पकडायचे ते उत्तम, पण नंतर चोर, चोराची सायकल आणि वाटेतलं फाटक अंगावर घेऊन ठाण्यात जायचे. आणि तिसरे सावकाश. एकदा निघाले की जगातली कुठलीही ताकद यांना थांबवू शकत नाही. फक्त वेग चालण्याचा. पुढच्या पानांवरून महाभुज खेकसायचा, "ए बदली!" आणि मागच्या पानांवर सावकाश म्हणायचे, "आलोच."

पहिल्या वेळी मुखपृष्ठावर जाहिरात करायचं ठरलं. मी मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'बदली पथक येत आहे!' जोगळेकरांनी मागे काळेकुट्ट ढग आणि कडाडणारी वीज काढली. चित्र झकास होतं. अंक छापून आला. आणि ती वीज बरोबर शिरोरेषेवरून निघून 'ब' आणि 'द' यांच्या मधोमध सरळ खाली उतरली होती. जणू मीच काढलेला काना.

'बादली पथक येत आहे!'

मी जोगळेकरांकडे पाहिलं. जोगळेकर म्हणाले, "वीज कुठे पडावी हे निसर्ग ठरवतो."

"निसर्गाला तुमच्याकडून पगार मिळतो का?" मी विचारलं.

फोन सुरू झाले. एकाने विचारलं, बादलीबरोबर पाणी घ्यायचा मग मिळणार की वेगळा घ्यावा लागेल? एका बाईंनी विचारलं, प्लास्टिकची आहे की पत्र्याची, कारण पत्र्याची असल्यास अंक घेऊ. आपटे सरांचा फोन आला तेव्हा मी कान लांब धरला. ते म्हणाले, "अभिनंदन. मुखपृष्ठावर प्रथमच एकही शुद्धलेखनाची चूक नाही."

मी शेठकडे गेले. म्हटलं, मुखपृष्ठ पुन्हा छापा. शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना गूळ फेकून द्यायला सांगत होते. "ताई, एकदा गाडीत चढलेला माल परत उतरवत नाहीत. बादली तर बादली. द्या प्रत्येकाच्या हातात एक."

अशा रीतीने आमच्या तिन्ही वीरांच्या हातात बादल्या आल्या, आणि खरं सांगायचं तर त्या बादल्यांनीच पथकाला तारलं. जग वाचवायला महाभुज होता. पण जग वाचल्यानंतर जे उरतं, विझलेली राख, तुंबलेलं गटार, पाणीकपातीत तिसऱ्या मजल्यावर अडकलेली म्हातारी, ते सगळं बादलीवाल्यांच्या वाट्याला आलं. सावकाश तर आगीच्या ठिकाणी आग विझून चहापाणी झाल्यावर पोचायचे. पण बादली काठोकाठ भरलेली असायची आणि वाटेत थेंब सांडलेला नसायचा. तेवढ्यात कोणी तरी म्हणायचं, "बरं झालं आलात, हात धुवायला पाणी नव्हतं." मुलांना हे फार आवडलं. मासिक उघडताना मुलं मागून उघडतात, असं विक्रेते सांगू लागले. आमचे लेखक अमेरिकेहून परत आले आणि त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं.

एक गोष्ट विशेष गाजली. महाभुज दुसऱ्या ग्रहावर गेलेला. एक खलनायक मार्केट यार्डाचा ताबा घेऊन बसलेला. सावकाश कात्रजच्या घाटातून बादली घेऊन निघतात. खलनायक वाटेत भिंती उभ्या करतो, दरड पाडतो, हत्ती सोडतो. सावकाश येतच राहतात. पानामागून पान नुसती चाल. शेवटी वाट बघून बघून खलनायकाचा धीर सुटतो आणि तो स्वतःच समोर जाऊन हात पुढे करतो, "पकड बाबा एकदाचा." या गोष्टीवर कोथरूडहून एक गृहस्थ तक्रार घेऊन प्रत्यक्ष आले. त्यांच्या जावयाने कात्रज ते यार्ड चालून पाहिलं होतं आणि तो पुष्कळच लवकर पोचला होता. मी विचारलं, "जावयाच्या हातात भरलेली बादली होती?" ते विचारात पडले. म्हणाले, "नव्हती. सांगतो त्याला."

नामदेवराव एक दिवस अंक घेऊन वर आले. जिना चढायलाच त्यांनी इतका वेळ घेतला की मला घाबरायला भरपूर सवड मिळाली. त्यांनी अंक टेबलावर ठेवला, सावकाशांच्या चित्रावर बोट ठेवलं.

"ताई, ह्यो म्या हाय न्हवं?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "राग आला का, नामदेवराव?"

"राग कशाचा? चाल अगदी माझीच हाय. फकस्त येक इचारायचं हुतं. मिशी का भादरली?"

जोगळेकरांनी पुढच्या अंकापासून सावकाशांना भरघोस मिशी दिली. कुठलाही खुलासा केला नाही. आपटे सरांनी फोनवर एवढंच विचारलं, की ही वाढ नैसर्गिक समजायची का?

त्यानंतर नामदेवराव यार्डात कायम झाले, पण मुकादमाच्या तोंडात बसलं होतं ते बसलंच. कायम झाल्यावरही हाक तीच, "ए बदली!" पुढे गुडघे गेले, ते काम सोडून मांजरीला जाऊन बसले. उसाच्या रानाशेजारी आता उंच इमारती उभ्या राहिल्यात, तिथल्या पाराजवळच्या कठड्यावर त्यांचा मुक्काम. अंक मात्र दर महिन्याला कोणाला तरी सांगून मागवायचे.

काळ बदलला. शेठ घरी बसले आणि मासिक त्यांच्या मुलाकडे, ओंकारकडे आलं. मुलगा वाईट नाही. मोठ्या माणसांना अहो-जाहो करतो, चहा स्वतः आणून देतो. फक्त तो बोलतो तेव्हा मराठीला अधूनमधूनच आत येऊ देतो. जोगळेकर काचेच्या पाटीवर चित्रं काढू लागले, मी संगणकावर फुगे भरू लागले. खप उतरला होता. एके दिवशी ओंकारने आम्हा दोघांना बसवलं.

"ताई, सर, बेसिकली आपल्याला एक डेथ पाहिजे. रीडर्सना इमोशनल कनेक्ट मिळत नाहीये."

"महाभुजाला मारायचं?" जोगळेकरांच्या डोळ्यांत चमक आली. तीस वर्षं ते स्नायू काढून त्यांचा हात दुखत होता.

"नाही नाही, तो ब्रँड आहे. बदलीमधला एक. तो स्लो वाला. धरणाची भिंत फुटते, तो भिंत धरून ठेवतो, लोक वाचतात, आणि तो जातो. महाभुज येतो आणि रडतो. बिग मोमेंट."

मी म्हटलं, "महाभुज उशिरा पोचतो आणि सावकाश वेळेवर? वाचकांना पटायचं नाही."

"ताई, तेच तर ट्विस्ट आहे ना!"

मी भांडले. मी म्हटलं, हे पथक माझं आहे. ओंकार अगदी नरमाईने म्हणाला, ताई, क्रेडिट्समध्ये तर तुमचं नाव लेटरिंगला आहे. ते खरंच होतं. बदलीवर लिहिलेल्याचं नाव कोण लावतं? त्या रात्री घरी गेल्यावर मी जेवले नाही. कागदावरच्या माणसासाठी उपाशी राहणं हा वेडेपणा आहे हे मला समजत होतं. तरी नाही जेवले.

ओंकारने मोबाइलवर जाहीर करून टाकलं : 'बदली पथकातला एक वीर निरोप घेणार! कोण?' आणि चार दिवसांनी जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबा, दुसरी पायरी. मी ओळखलं.

नामदेवराव मांजरीहून दोन बस बदलून आले होते. मिशी पांढरी झालेली. पाणी प्यायले, मुंडासं सोडून पुन्हा गुंडाळलं, मग म्हणाले, "ताई, कोन जानार?"

"नामदेवराव, ते सांगायची परवानगी नसते."

"मंजी म्याच."

मी त्यांचा पाण्याचा पेला पुन्हा भरला.

"माझं काय न्हाई हो," ते म्हणाले. "वय झालंच हाय. पन भावकीत समद्यांला ठावं हाय की त्यो म्या हाय. म्याच सांगितलंय. चुलतभाऊ सदाशिव, त्याच्या जमिनीत टावर उठला, गाडी आली दारात. त्यो मला म्हनतो, जलमभर बदलीच ऱ्हायलास. म्या त्याला म्हनतो, पुस्तकात कुनाची मिशी हाय, तुझी का माझी? एवढं येकच हाय माझ्याकडं त्याच्या तोंडावर टाकाया. आता मेलो तर त्यो दहाव्याला बोलवील गाव. चेष्टेनं बोलवील, पन बोलवील."

मग ते उठले. जाताना म्हणाले, "तुमच्या हातात नसंल तर ऱ्हाऊं द्या. मुकादमाचंच चालतं शेवटी."

दुपारपर्यंत जोगळेकरांचं ते पान आलं. मानावंच लागेल, चित्र अप्रतिम होतं. फुटलेली भिंत, ओसरलेलं पाणी, चिखलात पडलेले सावकाश, डोळे मिटलेले, शेजारी बादली उभी आणि भरलेली. महाभुज गुडघ्यांवर. जोगळेकर स्वतःच्या चित्राकडे बघत डोळे पुसत होते. "कुमुदबाई, मेलेला काय सुंदर दिसतोय हो."

"डोळे जरा किलकिले करता येतील?"

"छे. मरण म्हणजे मरण. आणि पान आता छापायला जाणार. चित्राला हात लागणार नाही. तुम्ही तुमचे फुगे भरा."

फुगे भरा. मी संहितेकडे पाहिलं. त्या पानावर एकच संवाद होता, महाभुजाचा : 'बदली गेला! नाहीऽऽ!' इतकी वर्षं बरोबर काम करून त्या मेल्या महाभुजाला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. माझं डोकं फिरलं ते तिथे. मरणाने नाही, त्या 'बदली'ने.

आणि मग मला ती वीज आठवली. जोगळेकरांच्या चित्रातल्या एका रेघेने माझ्या शब्दाचा अर्थ फिरवला होता. मग माझ्या एका फुग्याने त्यांच्या चित्राचा का फिरवू नये? आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे, इतका साधा की तो कोणी कुठे लिहून ठेवलेला नाही : ज्याच्या तोंडाकडे फुग्याचं शेपूट, तो बोलतो. आणि जो बोलतो तो मेलेला नसतो.

मी महाभुजाच्या फुग्यातला मजकूर पुसला. तिथे लिहिलं, 'अहो सावकाशराव, उठा ना!' आयुष्यात पहिल्यांदा त्याला अहो म्हणायला लावलं. मग पानाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, चिखल आणि मिशी यांच्या मध्ये, जोगळेकरांनी चुकून इंग्रजीच्या मापाची का होईना, बोटभर जागा सोडली होती. तिथे एक छोटा फुगा काढला. शेपूट मिशीखाली वळवलं. आत एकच शब्द लिहिला.

'आलोच.'

पान ओंकारला दाखवलं. त्याने मोबाइलवर नखाएवढं करून पाहिलं आणि अंगठा दाखवला. "ताई, सुपर्ब! मला गूजबम्प्स आले." मी म्हटलं, "मलाही."

अंक निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओंकार धावत वर आला. "ताई, तो मेलाय ना? लोक विचारतायत!"

"चित्र म्हणतंय मेलाय. तो म्हणतोय येतोय. ज्याचं त्यालाच माहीत असणार ना?"

"पण मग तो कधी येणार?"

"ते सावकाशांचं आहे. घाई करून चालणार नाही."

तो बिचारा डोक्याला हात लावून बसला असतानाच फोन वाजला. आपटे सर. आता नव्वदीला आलेत, आवाज मात्र तोच. "'आलोच'मधला 'च' पाहिला. तो 'च' निश्चय दाखवतो. अर्थात माणूस जिवंत आहे. व्याकरणाने सिद्ध होतं." मी फोन स्पीकरवर टाकला होता. ओंकारने ते ऐकलं आणि मान टाकली. व्याकरणापुढे पुण्यात कोणाचं चालत नाही.

पुढच्या अंकात सावकाश आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पण प्रत्येक गोष्टीत कुठे तरी, चौकटीच्या बाहेरून, एक शेपूट आत येतं आणि फुग्यात लिहिलेलं असतं, 'आलोच.' मुलं तो फुगा शोधत अंक पालथा घालतात म्हणे. खप थोडा सावरला. ओंकार आता हे सगळं त्याचीच कल्पना होती असं सांगतो, आणि मी सांगू देते. मी वर्षभराने काम सोडलं, तरी तो एक फुगा मी अजून घरून भरून पाठवते. जोगळेकर म्हणतात, जागा सोडतोय, मराठी मापाची.

नामदेवरावांकडे मीच गेले मांजरीला. पाराजवळच्या कठड्यावर बसले होते. मला बघून सुनेला चहाची हाक दिली, आणि मी विचारायच्या आधीच सांगू लागले.

"सदाशिव आला हुता अंक घिऊन. समद्यांच्या फुडं म्हनला, बघा, गेला ह्यो. चिखलात पडलाय, डोळं मिटल्यात. लई हसला."

"मग?" मी विचारलं.

नामदेवरावांनी तंबाखूची पिशवी काढली, बांधली, कनवटीला लावली. मुंडासं सोडून पुन्हा गुंडाळलं. मी वाट पाहिली.

"म्या त्याला म्हनलं, आरं येड्या, चित्र काय बघतोस? फुगा वाच."